टेकडीवर सायकल पण हवी, कुत्री पण हवी : चालेल, पण दोन्ही एकत्र नको

पत्र :

ताई नमस्कार, मला तू म्हटलंत तरी चालेल. मी पुण्यात कोथरूडला राहतो, वय ३४, आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून असतो. एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतल्यापासून सकाळी वेताळ टेकडीवर जातो, सोबत आमची कुत्री कोको असते, इंडी म्हणजे देशी आहे, दीड वर्षाची, सायकलच्या मागे मोकळी पळते, तिचाही व्यायाम होतो. शनिवार-रविवारी आमचा सात-आठ जणांचा ग्रुप असतो, आम्ही मागच्या उतारावर एक मस्त नवीन डाउनहिल लाइनपण, म्हणजे सायकलने सुसाट खाली यायची वाट, काढलीय. गेल्या रविवारी, म्हणजे ऐन ऑगस्टात, कोको एका लांडोरीच्या मागे लागली, लांडोरीसोबत पिल्लं होती, मी खूप ओरडलो पण ही काही आली नाही. रोज चालायला येणाऱ्या एका काकूंनी फोटो काढून टेकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की अशा लोकांना टेकडीबंदी करा. आता बायको म्हणते जाऊच नकोस. मला वाईट वाटलंय पण रागही आलाय. रोज शेकडो लोक टेकडीवर चालतात, त्यांच्या पायाने माती जात नाही का? मग सायकलवाले आणि कुत्रेवालेच का दिसतात सगळ्यांना? टेकडीवर माझंही प्रेम आहे. सगळं बंद करू का?
– एक सायकलवाला, कोथरूड

उत्तर :

नाही रे, सगळं बंद करायची काही गरज नाही. पण कोकोला सायकलमागे मोकळं पळवणं मात्र आजपासून बंद, ह्यात मी सूट देणार नाही, आणि का ते नीट सांगते, कारण तुझं पत्र वाचून वाटलं की तुला खरंच समजून घ्यायचंय.

आधी तुझ्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करते. चालणाऱ्यांच्या पायाने माती जाते, नक्की जाते. १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटानात विल्सन आणि सीनी ह्या दोघांनी चालणारी माणसं, घोडे, मोटरसायकल आणि सायकल असे चारही प्रकार डोंगरातल्या जुन्या वाटांवर तपासून बघितले होते आणि त्यात घोड्याच्या टापांनी आणि माणसाच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी होते असं निघालं. म्हणजे "सायकलनेच टेकडी उकरली" असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. आपल्याकडे तर चिखल टाळायला वाटेच्या कडेकडेने चालून एका वाटेच्या चार वाटा कुणी केल्या, तर चालणाऱ्यांनीच. मोरांना दाणे टाकणारे, फोनवर मोठ्याने गाणी लावून चालणारे हेही तेच. हे सगळं मला रोज दिसतं आणि त्रास होतो.

पण तो मोंटानाचा अभ्यास आधीपासून असलेल्या वाटांवरचा होता, आणि तू ज्याला मस्त नवीन लाइन म्हणतोयस ती वेगळी गोष्ट आहे. वेताळ टेकडी म्हणजे खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर मुरूम, आणि मुरुमावर माती कुठे वीतभर तर कुठे जेमतेम बोटभर. ह्या बोटभर मातीत पहिल्या पावसानंतर मुसळी येते, जमिनीवरची ऑर्किड येतात, कंदीलपुष्पं येतात, आणि ह्यातल्या बऱ्याच जणांचे कंद वर्षातले आठ-नऊ महिने मातीखाली असतात, वरून काहीच दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की इथे तर नुसतं वाळकं गवत आहे, इथून नवीन लाइन काढली तर काय बिघडतंय. बिघडतं ते तिथेच.

दुसरं म्हणजे ब्रेक. सरळ उतारावरून खाली येताना मागचं चाक लॉक करून स्किड मारतात ना, त्याने मुरमाचा वरचा घट्ट बसलेला थर निघतो. पाऊलखुणा तुटक असतात, चाकाची रेघ मात्र वरपासून खालपर्यंत सलग असते, मग पाऊस पडला की पाणी ती रेघ धरतं आणि दोन पावसाळ्यांत तिची ओघळ होते. एकदा ओघळ झाली की तिथून सायकल चालवता येत नाही म्हणून सगळे शेजारून नवीन रेघ काढतात. असं करत करत अख्खा उतार उघडा पडतो.

तुझी लाइन बरी आहे का वाईट हे तुझं तुलाच तपासता येईल. बाटलीतलं पाणी वाटेवर ओत आणि बघ कुठे जातंय. वाट ओलांडून कडेच्या गवतात गेलं तर वाट ठीक. वाटेवरूनच खाली धावत सुटलं तर ती वाट नाही, पावसाळ्यातला ओढा आहे. माउंटन बायकिंगच्याच लोकांनी, म्हणजे इम्बा नावाची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ पासून आहे त्यांनी, ह्याचे साधे नियम केलेत : वाटेचा चढ सरासरी १० टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर फार तर १ मीटर चढ किंवा उतार, आणि वाटेचा चढ टेकडीच्या त्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. तुमची डाउनहिल लाइन ह्यात बसणार नाही असं मला पत्रावरूनच वाटतंय, कारण डाउनहिलची मजा सरळ खाली येण्यात असते आणि पाण्याला पण सरळ खालीच यायचं असतं.

अजून एक बघ, उतारावर वनविभागाने खणलेले आडवे चर असतात, सीसीटी म्हणजे सलग समतल चर म्हणतात ते, पाणी अडवून मुरवायला. त्या चरांच्या कडेला मातीचा जो उंचवटा असतो त्याचा काही सायकलवाले जंप म्हणून वापर करतात. तो बांध एका जागी फुटला की अडलेलं सगळं पाणी तिथूनच सुटतं आणि खालचा चरही फोडतं. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी हे करत असेल तर त्याला स्पष्ट सांग.

तर सायकलचं माझं म्हणणं एवढंच : जुन्या रुंद वाटेवर, कोरड्या दिवसात, बिनधास्त चालव. चिखल टायरला चिकटायला लागला किंवा चाकाची खूण खोल उमटायला लागली तर तिथूनच उतरून परत फिर, पुढे बघू म्हणू नकोस. जून ते सप्टेंबर टेकडी सोडून दे आणि मुळशी, पौड, पानशेतकडच्या गावरस्त्यांवर जा, पावसात तिकडे काय कमी मजा आहे का. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टेकडीवर सगळ्यात चांगले दिवस, जमीन घट्ट असते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्यांची गर्दी नसते. रात्री हेडलाइट लावून जायचं फॅड आहे ते मात्र नको, कारण रातवा नावाचा पक्षी अंधार पडला की नेमका वाटेवरच येऊन बसतो. आणि स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या त्या ॲपवर, ती नवीन लाइन सेगमेंट (वेळेची शर्यत लावायचा टप्पा) म्हणून टाकली असशील तर काढ. तुम्ही शनिवार-रविवारीच जाता, पण सेगमेंट बघून टाइम मारायला येणारे रोज येतील आणि ते कोण हे तुला कळणारही नाही.

आता कोको. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण खरा प्रश्न इथे आहे, आणि काकूंचा रागसुद्धा सायकलपेक्षा इथूनच आलाय.

माणूस वाटेने जातो. पक्षी माणसाला ओळखून असतात, तो कुठून येणार कुठे जाणार हे त्यांना ठाऊक असतं, बाजूला होतात, परत येतात. मोकळं कुत्रं वाटेने जात नाही, ते वाटेच्या दोन्ही बाजूंना गवतात शिरून, हुंगत, मागेपुढे धावत जातं, आणि सायकलमागे असेल तर त्याला मागे राहिल्याची घाई असते म्हणून अजून जोरात. तू एक रेघ चालवतोस, ती पट्टाच्या पट्टा पिंजून काढते. आणि तुझं लक्ष पुढे दगडावर असतं, ती मागे काय करतेय हे तुला दिसतच नाही, ओरडेपर्यंत उशीर झालेला असतो. रिकॉल, म्हणजे हाकेसरशी परत येणं, कितीही चांगला असला तरी समोरून काहीतरी पळालं की कुत्र्याच्या कानात तुझी हाक जात नाही, त्यात कोकोचा दोष नाही, ती कुत्र्यासारखीच वागली.

टिटवीचं उदाहरण घे, ती तुला नक्की दिसली असेल, डोक्यावरून ओरडत घिरट्या घालते ती. साधारण मार्चपासून ती उघड्या मुरमावर, खड्यांमध्ये चार अंडी घालते, गवताची काडीसुद्धा न वापरता. अंडी इतकी मुरमासारखी दिसतात की दोन पावलांवर उभं राहून शोधली तरी दिसत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवीचं काम ऊब देणं नसतं, सावली देणं असतं. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी शिजू नयेत. महिनाभर नर-मादी पाळीपाळीने हे करतात. आता तिथे कुत्रं घुटमळलं की ती उठते आणि ओरडत लांब उडत जाते, त्याला घरट्यापासून दूर न्यायला. कुत्र्याने अंड्यांना तोंडही लावलं नाही आणि नुसतं दहा मिनिटं तिथे हुंगत राहिलं तरी तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी. मग दुसरं कुत्रं येतं, तिसरं येतं. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही.

लांडोरीचं तसंच, ती पावसाळ्यात झुडपाखाली जमिनीवर अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर आली की पहिले काही दिवस त्यांना नीट उडता येत नाही, आईच्या मागे चालणं एवढंच त्यांना येतं. आई उडाली की पिल्लं गवतात पांगतात. तुझ्या त्या रविवारी हेच झालं. तित्तर, चंडोल, रातवा, ससा, सगळे जमिनीवरचेच. आणि हे तुला माहीत असावं म्हणून सांगते, मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि १९७२ च्या त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, मागे लागून हाकणं, पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेही त्यात येतं.

आता तू म्हणशील पट्टा लावला की झालं ना? बरंचसं झालं, पूर्ण नाही. सिडनीजवळच्या जंगलात बँक्स आणि ब्रायंट ह्यांनी २००७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला, वाटेवरून पट्टा बांधलेली कुत्री नेली आणि मग पक्षी मोजले, तर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसती माणसं चालवली तेव्हाही पक्षी कमी झाले, पण कुत्र्यांमुळे जेवढे झाले त्याच्या साधारण निम्म्याहूनही कमी. म्हणजे पट्ट्यातलं कुत्रंसुद्धा पक्ष्याला शिकारीच वाटतं. म्हणून पट्टा आणि शिवाय जागा, दोन्ही बघायचं. कोकोला टेकडीवर न्यायचंच असेल तर चालत, दीड-दोन मीटरचा साधा पट्टा, तो लांब होत जाणारा नको, आणि फक्त रहदारीच्या रुंद रस्त्याने. आतल्या पायवाटांवर तिला नेऊच नकोस, आणि मार्च ते सप्टेंबर तर अजिबात नको. वनविभागाने कुठे पाळीव प्राणी नकोत असा फलक लावला असेल तर विषयच संपला, तिथे युक्तिवाद करायचा नाही.

तिच्या व्यायामाची काळजी करू नकोस. सायकलमागे ऊर फुटेस्तोवर पळणं हा काही कुत्र्याचा फार चांगला व्यायाम नाही, त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, उन्हाळ्यात सकाळी आठनंतर तर हे धोक्याचंच आहे, आणि टेकडीवर गोचीड आणि कानात-पंज्यात घुसणारं कुसळ आहे ते वेगळंच. चाळीस मिनिटं पट्ट्यावर पण तिच्या चालीने, तिला हुंगू देत फिरवलं तर ती जास्त दमते आणि शांत होते. मोकळं पळायला सोसायटीचं ग्राउंड, ओळखीच्या कुणाचा कुंपणवाला प्लॉट, असं काहीतरी बघ, दहा मीटरची दोरी लावून पळव.

एक चूक मात्र करू नकोस, जी बरेच जण करतात. टेकडीवर लोक ओरडतात म्हणून कुत्र्याला गाडीत घालून दिवे घाटापलीकडे सासवड-जेजुरीच्या माळावर मोकळं सोडायला नेतात, तिथे कोणी बघत नाही म्हणून. ते टेकडीपेक्षा वाईट. तो माळ ओसाड नाही, तिथे लांडगे आहेत, खोकड आहे, आणि पुण्याजवळच्या माळरानात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्धच झालंय. शिवाय रोग. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणू सापडला, आणि तो ओळखणाऱ्यांमध्ये आपल्या पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू संस्था होती. कोकोचं रेबीजचं इंजेक्शन तर असेलच, डिस्टेंपरचा वार्षिक डोस झालाय का ते कार्ड काढून बघ.

शी उचलायची. टेकडीवर "खत होईल" म्हणून सोडून देतात लोक, आणि तेच नको असतं. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव जंगलांत २०२२ मध्ये हिशोब केला तर कुत्र्यांच्या शी-शूमुळे हेक्टरी वर्षाला ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडत होता. आपल्या मुरमाड जमिनीवरची गवतं आणि फुलं ही कस नसलेल्या जमिनीतच टिकणारी आहेत, कस वाढला की दुसरं रानटी तण येऊन त्यांना दाबून टाकतं. आणि पिशवीत भरून पिशवी झाडाला अडकवून येणारे महाभाग आहेत, तसं करायचं नाही, खाली घरी आणायची. भटक्या कुत्र्यांना टेकडीवर बिस्किटं घालणाऱ्यांनाही मी हेच सांगते की खायला घाला पण खाली वस्तीत, ठरलेल्या जागी, नसबंदी करून. वर घातलं की ती वरच राहतात आणि टोळी करून ससे-मोर मारतात. त्यांच्या मागावर बिबट्याही येऊ शकतो, नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याचं खाणं तपासलं तेव्हा वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला होता.

आता काकू. त्यांनी तुला आधी तोंडावर सांगायला हवं होतं, ग्रुपवर फोटो टाकणं मला पटलेलं नाही. पण त्या जे बोलल्या ते चूक नव्हतं, आणि तुला जो राग आलाय त्यातला निम्मा तुला ते कळल्यामुळे आलाय असं मला वाटतं. ग्रुपवर लांबलचक खुलासा लिहू नकोस, मोंटाना-बिंटाना तर अजिबात काढू नकोस तिथे. एवढंच लिही : "रविवारी माझी कुत्री लांडोरीच्या मागे लागली, ती मोकळी होती ही माझी चूक. यापुढे ती पट्ट्याशिवाय टेकडीवर दिसणार नाही." बास. त्यावर चार जण अजून सुनावतील, सुनावू दे, उत्तर देऊ नकोस.

वाटेत माणसं दिसली की थांबायचं तू, त्यांनी बाजूला व्हायचं नाही. वळणावर चालण्याच्या वेगाने, घंटी लाव, आणि वयस्कर असतील तर घंटीपेक्षा "काका, उजवीकडून येतोय, सावकाश" असं आवाजात सांग, अचानक मागून घंटी वाजली की ती माणसं दचकून नेमकी चुकीच्या बाजूला सरकतात.

आणि ती नवीन लाइन बंद करा. कुदळ-फावडं घेऊन परस्पर काही करायला जाऊ नका, वनजमीन आहे, आधी वनरक्षकांना भेटा आणि त्यांच्या परवानगीने वरच्या तोंडाला बोरी-बाभळीच्या वाळक्या काट्या आडव्या टाका, जिथून ती दिसते तिथपर्यंत. दिसली नाही की कुणी शिरत नाही, आणि दोन पावसाळे कुणी शिरलं नाही तर गवत परत धरतं. ओघळ झाली असेल तिथे आडवे दगड लावून पाणी कसं फोडायचं हे वनविभागाच्या लोकांना चांगलं येतं, त्यांना हात लागतात ते तुमच्याकडे आहेत. ग्रुपमधले दोघंतिघं तयार होणार नाहीत, त्यांच्याशी भांडत बसू नकोस, तू ज्या राइडला असशील त्या राइडमध्ये ती लाइन नसेल एवढं सांगून टाक. वनरक्षकांना भेटायला जाताना काकूंना विचार येता का म्हणून. रोज चालणाऱ्या माणसांना कुठे टिटवी बसते, कुठून लांडोर पिल्लं घेऊन निघते हे पाठ असतं, आणि सायकलची वाट कुठून असावी हे ठरवताना ते तुला नकाशावर सापडणार नाही.